पाणी सोडणारा माणूस

३ फेब्रुवारी

आज संध्याकाळी सगळे माझ्या अंगणात जमले होते. आमची, बायबलवाल्यांची, सहा घरं. परवा गावसभा आहे आणि तिथे आमचाच विषय निघणार, हे आता लपून राहिलेलं नाही. संत होसेच्या जत्रेची वर्गणी आम्ही देत नाही, मूर्ती खांद्यावर घेत नाही, आणि दर बुधवारी माझ्या अंगणात गिटार वाजवून उपासना करतो. गावाला हे डोईजड झालंय. पाणी तोडणार अशी कुणकुण आहे.

मी उभा राहून बोललो. म्हटलं, उत्तरेला मजुरीला गेलो आणि टोमॅटोच्या शेतात मरायला टेकलो होतो तेव्हा प्रभूने मला उचललं, ते काय इथे येऊन मान खाली घालायला? आपल्यातल्या एकानेही वाकायचं नाही. साक्ष द्यायची वेळ आली की तोंड उघडायचं. लाउरेआनो अगदी पुढ्यात बसला होता. पूर्वी तो गुत्त्याबाहेरच्या गटारात सापडायचा. मीच त्याला उचलून घरी न्यायचो आणि शुद्धीवर आला की शेजारी बसून वचन वाचून दाखवायचो. आज तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं असावं.

सगळे उठल्यावर मार्सियाना मावशी म्हणाली, "बोललास छान, फिदेन्सिओ. आता गिळ दोन घास. परवाचं धैर्य आजच संपवून टाकू नकोस."

म्हातारी कधी कधी उगाच खोचक बोलते. आपल्यात आलेली पहिली तीच, म्हणून तिला कुणी काही म्हणत नाही.

५ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय. पण हे कुणाशी बोलू?

सभा शाळेच्या मैदानात होती. एपिफानिओ यंदा गावप्रमुख आहे, म्हणून सगळे त्याला मानाने 'डॉन' म्हणतात. त्याच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांत धरलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणतो. तो चिडून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो शांतपणे म्हणाला, "कोंपाद्रे, डोंगरावरनं ही पाण्याची लाइन कुणी आणली? माझ्या बापाने, तुझ्या बापाने. पाठीवर पाइप वाहिले त्यांनी. जत्रा, श्रमदान, पाणी, हे सगळं एकाच दोरीत बांधलंय. तुम्ही एक गाठ सोडणार आणि दुसरी धरून ठेवणार, हे कसं चालेल?"

खरं सांगतो, मला ते पटलं.

मग त्याने गावाची मानाची काठी टेबलावर आडवी ठेवली. म्हणाला, "तुझ्यापासून सुरुवात करू. हे खूळ गावात तूच आणलंस. काठीवर हात ठेव आणि सांग, जत्रेत येईन, घरात उपासना होणार नाही, कुणाला जाऊन त्या गोष्टी सांगणार नाही. हात ठेवणार नसशील तर पाणी बंद, आणि कॉफी वाळवायला गावचं अंगणही बंद."

मी उभा राहिलो. परवा बोललो होतो तेच बोलायचं होतं, पाठ होतं. सगळं गाव बघत होतं. मग एक हात पुढे जाताना दिसला आणि तो माझा होता. मी सगळं म्हणालो. शेवटचंही म्हणालो, कुणाला सांगणार नाही म्हणून.

नंतर लाउरेआनोला बोलावलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं ना, असं विचारल्यासारखं. मग टोपी काढून म्हणाला, "मला नाही जमायचं, डॉन एपिफानिओ. हे सोडलं तर मी परत गटारात जाईन." लोक हसले. तोही थोडा हसला, पण हात खिशातच ठेवला.

मार्सियाना मावशी विधवा, म्हणून सभेत तिच्या घराच्या नावाने तीच उभी राहते. "मला कशाला विचारता," म्हणाली, "तुम्हाला माहीतच आहे." बाकीच्यांनीही नकार दिला.

हात ठेवणारा मी एकटा.

ओतिलिया घरी येताना माझ्या पुढे चालत होती. बायको पुढे आणि मी मागे, असं याआधी कधी झालेलं आठवत नाही.

६ फेब्रुवारी

नळाला पाणी आहे.

१० फेब्रुवारी

आज एपिफानिओ घरी आला आणि माझ्या हातात लोखंडी चावी ठेवली. यंदा पाणी सोडण्याचं काम माझ्याकडे. "गावाने तुझ्यावर विश्वास टाकलाय," म्हणाला. विश्वास कसला, ही परीक्षा आहे हे मलाही कळतं आणि त्यालाही. पहिलं काम, त्या पाच घरांचे व्हॉल्व्ह बंद करायचे.

तीन घरांत कुणी बाहेर आलं नाही. लाउरेआनो दारात उभा राहून बघत होता. मी खाली बसलो, चावी लावली, फिरवली, उठलो. त्याने शिवी दिली असती तर मी आभार मानले असते.

मार्सियाना मावशी मात्र कॉफीचा कप घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. "नीट आवळ रे पोरा," म्हणाली. "अर्धवट ठेवलास तर ठिबकत राहील, आणि बोल तुला लावतील." मी आवळलं. मग तिने तो कप पुढे केला. मी घेतला नाही. रस्त्यावरून लोक बघत होते.

ती आता पाणी खालच्या ओढ्यावरून आणणार. चढ उभा आहे. तिचं वय कुणालाच माहीत नाही, तिलाही नाही.

१५ फेब्रुवारी

बुधवार. ते आता लाउरेआनोकडे जमतात. आवाज इथवर येतो. गिटार माझ्याकडे भिंतीवर टांगलेली आहे, त्यामुळे ते नुसतेच गातात आणि दुसऱ्या कडव्याला पार सूर सोडतात. माझी बोटं टेबलावर ताल धरत होती. ओतिलिया बघतेय हे लक्षात आलं तेव्हा हात मांडीखाली घेतला. "भाकरी वाढू?" तिने विचारलं. दिवसभरात ती माझ्याशी एवढंच बोलली.

अंगणातलं पिंप लवकर रिकामं होतंय. दोघंच तर आहोत घरात. कुठेतरी गळती असणार.

२१ फेब्रुवारी

गळती सापडत नाही. आज सगळे जोड तपासले, दोन ठिकाणी रबर बदललं. गावाचा पाणीवाला आणि स्वतःच्या घरची गळती सापडत नाही, म्हणजे हसू करून घ्यायचं काम. ओतिलियाला विचारलं, तर म्हणाली, "जुने पाइप आहेत. बघ अजून."

लाउरेआनोच्या छपरावर परवा दगड पडले. त्याची कॉफी आता घरासमोरच्या मातीतच वाळतेय, तिला मातीचा वास लागणार आणि दलाल घेणार नाही.

२५ फेब्रुवारी

हे लिहायला फार जड जातंय.

मार्सियाना मावशी रोज एपिफानिओच्या घरी जाते. त्याची बायको एउलालिया बरेच महिने अंथरुणाला खिळलेली आहे, पाय सुजून निळे पडलेत. मावशी पाय चोळून देते आणि येशूच्या गोष्टी सांगते. एपिफानिओ घरी असला की तिला हाकलतो. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. मी हे सगळं कॉफीच्या अंगणातून बघत असतो. गावाने दिलेली माझी जागा, अगदी मोक्याची.

आज ती त्याच्या घरून निघाली तेव्हा दुकानाच्या पायरीवर दुकानवालीचा पोरगा बेनिग्नो आणि त्याचे मित्र बसले होते. "काय ग हालेलुया आजी, आंघोळ केलीस का? पाणी नाही म्हणतात तुमच्याकडे." आणि डुकरांसाठी ठेवलेली खरकट्याची बादली तिच्या अंगावर ओतली.

मी पंचवीस पावलांवर होतो. माझ्या हातात दंताळं होतं. मी कॉफी ओढत राहिलो. आधीच ओढलेली, सपाट कॉफी पुन्हा पुन्हा ओढत राहिलो.

मावशीने तोंड पदराने पुसलं, बेनिग्नोला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, घेवड्यात मीठ कमी पडलंय." ती पोरं हसली, पण जरा ओशाळून. मग जाता जाता तिने माझ्याकडे पाहून हात हलवला. नेहमी हलवते तसाच.

मी घरी जाऊन बसलो. असा माणूस असण्यापेक्षा गटारातला लाउरेआनो असणं बरं.

५ मार्च

महिन्यातून एकदा शहरातून फादर येतात, आज देवळात मिसाची प्रार्थना होती. मला पहिल्या बाकावर बसवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. फादर भले माणूस आहेत. प्रवचनात वाचनावर बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "तहानलेल्या माणसाला कुठल्या देवळात जातोस असं विचारायला मला तरी कुणी शिकवलेलं नाही. तुम्हाला कुणी शिकवलं?" एपिफानिओ बुटांकडे बघत होता. मीही.

बाहेर आल्यावर एपिफानिओ म्हणाला, "फादर संध्याकाळच्या गाडीने जातात. गाव आपल्याला चालवायचंय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुझं आता कसं, मन लागलं ना?" मी "हो" म्हणालो. असं विचारण्यापेक्षा त्याने मला मारलं असतं तरी चाललं असतं.

७ मार्च

गळती सापडली.

पहाटे पाणी सोडायला नेहमीपेक्षा लवकर उठलो. ओतिलिया शेजारी नव्हती. अंगणात पिंपाजवळ ती वाकलेली, खांद्याला दोन कॅन. कुंपणापलीकडे लाउरेआनोची बायको कॅन घ्यायला उभी. मला बघून ती पळाली. ओतिलिया पळाली नाही.

"हे किती दिवस चाललंय?" मी विचारलं.

"तू बंद केलंस तेव्हापासून."

"आणि मी वेड्यासारखा रबरं बदलत बसलो."

"बदललीस ते बरं झालं. एक जोड खरंच खराब होता."

मी म्हणालो, कुणी पाहिलं तर आपलं काय होईल, माझं काय होईल, मी काठीवर हात ठेवलाय. ती म्हणाली, "तू ठेवलास. मला कुणी विचारलं का? मी नाही ठेवला." मग दुसरं कॅन भरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बुधवारी जेवणं झाली की मी तिकडे जाते. तुला वाटतं मी आईकडे जाते."

तिच्या धाडसाने छाती भरून यावी, असं एखाद्या नवऱ्याला वाटलं असतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी पकडला जाईन. तो विचार इथे लिहून ठेवतो, म्हणजे मला पुढे कधी खोटं आठवणार नाही.

१० मार्च

गावात बोभाटा झाला. त्या पाच घरांना पाणी कुठून मिळतं? काल एपिफानिओने मला विचारलं, "कोंपाद्रे, कोण सोडतंय?" मी म्हटलं, "बघतो." एवढंच म्हटलं. आणि आज लाउरेआनोला धरलं. त्याच्याकडे भरलेली कॅन सापडली. गावच्या टाकीतून चोरलं का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "हो, मीच घेतलं." ओतिलियाचं नाव काढलं नाही. त्याला कोठडीत टाकलंय.

कैद्याला पाणी द्यायचं काम पाणीवाल्याचं. मला जावं लागलं. गजांमधून बाटली दिली. तो प्यायला, तोंड पुसलं. मी बोलायला लागलो तर म्हणाला, "तू काही बोलू नकोस. मला ऐकायचं नाहीये." बाटली परत देत स्वतःच म्हणाला, "या कोठडीत मी किती वेळा आलो असेन. ती भिंत बघ, तिच्यावर ओकलोय मी. शुद्धीत असताना पहिल्यांदाच आलोय. छताला वाशे किती आहेत ते आज कळलं." मग, "हे तुझ्यामुळे झालं, फिदेन्सिओ. तेही आणि हेही." आणि पाठ फिरवून बसला.

ते म्हणजे काय आणि हे म्हणजे काय, हे मी घरी येईपर्यंत घोळत होतो. टोमणा होता हे नक्की.

१२ मार्च

पुन्हा गावसभा झाली. लाउरेआनोला गावाबाहेर काढायचं की नाही, हा विषय.

मी हात वर केला. उठलो. म्हणालो, "लाउरेआनोने चोरलं नाही. पाणी माझ्या घरून गेलं. मी दिलं."

बायका मागे कठड्यापाशी उभ्या असतात. तिथून ओतिलियाचा आवाज आला, "खोटं बोलतोय. मी दिलं. तो झोपला होता."

सगळं मैदान हसलं. बेनिग्नोने शिट्टी मारली. एपिफानिओसुद्धा हसू दाबत होता. आयुष्यात एकदा धीर गोळा करून उभा राहिलो, तर तेही माझं नव्हतं. कान तापले. खाली बसावं असं वाटलं, बसलोही असतो. पण गुडघे वाकेनात.

"बरोबर आहे," मी म्हणालो, "मी झोपलो होतो. फेब्रुवारीपासून झोपलोय. त्या दिवशी काठीवर ठेवलेला हात मी काढून घेतो. मी येशूचा माणूस आहे. त्याने मला सोडलं नव्हतं, मी त्याला सोडलं, तुमच्या सगळ्यांसमोर. म्हणून तुमच्या सगळ्यांसमोरच सांगतोय."

पुढे अजून बरंच बोलायचं होतं, ते आठवलं नाही. कुणीतरी ओरडलं, "बस खाली, पाद्री." आता मात्र कुणी हसलं नाही.

एपिफानिओने टेबलावरची काठी सरळ केली. मग म्हणाला, "म्हणजे तुझंही पाणी बंद करावं लागणार." आणि इकडेतिकडे पाहिलं. बंद कोण करणार, हा विचार तेव्हा त्याच्या डोक्यात आला असावा. ते काम माझं होतं.

"मी करतो," मी म्हटलं.

लाउरेआनोला सोडलं. त्याच्यावर जत्रा होईपर्यंत रस्त्याचं काम लादलं.

१३ मार्च

सकाळी स्वतःच्या दारातला व्हॉल्व्ह बंद केला. नीट आवळला. चावी एपिफानिओला नेऊन दिली. तो अंगणात घोड्याला खरारा करत होता. चावी घेताना म्हणाला, "मी तुला वाचवायला बघत होतो, कोंपाद्रे." त्यात खोटं काही नव्हतं. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही, कारण वाचलेलं असणं मला आवडलं होतं.

ओतिलियाने मला ओढ्याची वाट दाखवली. कुठला दगड निसटतो ते तिला पाठ आहे.

१५ मार्च

बुधवार. गिटार घेऊन लाउरेआनोच्या घरी गेलो. एका बाईने पोराला माझ्या बाजूने उचलून पलीकडे घेतलं. मिठी मारायला कुणी उठलं नाही. उठावं असं मी काय केलं होतं?

लाउरेआनो म्हणाला, "गिटार वाजवायला हरकत नाही. बोलायचं नाही."

मी दाराशी बसून वाजवलं. त्यांनी माझ्याशिवाय महिनाभरात त्या गाण्यांची चाल बदलून टाकलीय. मला त्यांच्या मागे मागे जावं लागलं.

१९ मार्च

जत्रा. फटाके, बँड, दिवसभर धुरळा. आम्ही घरातच होतो. लाउरेआनोने केलेल्या रस्त्यावरून मिरवणूक गेली. चांगला रस्ता केलाय त्याने, खड्डा शोधून सापडायचा नाही.

२४ मार्च

मार्सियाना मावशी सकाळी दारात उभी राहिली. "चल, तेलाची बाटली घे. एउलालियाकडे जायचंय."

म्हटलं, "मावशी, मला तिथे तोंड दाखवायला जागा नाही. आणि बोलायलाही बंदी आहे, तुमच्याच लोकांची."

"बाटली धरायला तोंड लागत नाही," म्हणाली.

एपिफानिओ मळ्यात गेला होता. एउलालिया खाटेवर बसली होती, चेहरा पार उतरलेला. मावशीने पाय मांडीवर घेतले. मी कोपऱ्यात बाटली धरून उभा.

एउलालिया माझ्याकडे बघत राहिली. मग मावशीला म्हणाली, "आज तू गप्प बस. तुझं सगळं ऐकून झालंय माझं." आणि मला, "तू सांग. तू तर हे सोडलं म्हणाला होतास ना? सगळ्यांसमोर. सुखाने राहत होतास. मग परत का गेलास?"

माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? पूर्वी मी लोकांच्या दारात जायचो तेव्हा सगळी वचनं क्रमाने तोंडावर असायची. त्यातलं एकही आलं नाही. मी तिला खरकट्याच्या बादलीचं सांगितलं. दंताळ्याचं सांगितलं. पहिल्या बाकाचं, गळतीचं, बायको पाणी देत होती आणि मला फक्त स्वतःची काळजी पडली ते. म्हणालो, "इतकं सगळं करूनही तो मला टाकत नाही, एउलालियाबाई. मी हरलो ते यामुळे. त्याने टाकलं असतं तर मी आजही चावी घेऊन फिरत असतो."

चुलीवरचा घेवडा करपायला लागला होता. कुणी उठलं नाही. एउलालिया म्हणाली, "मी घरात पडल्या पडल्या यांना म्हणाले होते, त्या म्हातारीचं पाणी तोडू नका. एकदाच म्हणाले. पुन्हा नाही म्हणाले." आणि तिने डोळ्यांवर हात घेतला.

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. बाटली धरून उभा राहिलो.

तेवढ्यात एपिफानिओ आला. मला बघून त्याचा चेहरा लाल झाला. "तूसुद्धा? माझ्या घरात?" दंड धरून त्याने मला बाहेर काढलं. मावशीला हात लावला नाही, ती आपली चपला घालत होती. अंगणातून मी वळून पाहिलं. तो दार ओढून लावत होता. आतून एउलालियाचा आवाज आला, "उघडं राहू द्या."

तो थोडा वेळ दार हातात धरून उभा राहिला. मग तसंच उघडं ठेवून आत गेला.

उकाडा फार आहे सध्या, म्हणून असेल. वाटेत मी मावशीला म्हटलं, आज माझ्यामुळे तुझंही काम बिघडलं. ती म्हणाली, "उद्या तेल जास्त घे."